कुत्र्याला गाडीत बांधायचंच, पण गळ्याला नाही

"कायले बांधतं त्याले? बसते ना तो चुपचाप." कुत्रा घेऊन निघालेल्याला टोकलं की हे उत्तर हमखास येतं. बसतोही तो चुपचाप, रोही (नीलगाय) आडवा येईपर्यंत. आपल्याकडच्या रस्त्यांवर करकचून ब्रेक लावायला मोठं कारण लागत नाही. कपाशीतून निघालेला रानडुकरांचा कळप, रंग उडालेला गतिरोधक, तुराट्या लादलेली बिनलाइटची बैलगाडी, यातलं काहीही पुरतं. मागच्या सीटवर मोकळा बसलेला कुत्रा अशा वेळी दोन सीटांच्या फटीतून गिअरवर येतो, नाहीतर खाली पडून ड्रायव्हरच्या पायांत शिरतो. ब्रेकच्या पायपट्टीखाली कुत्रा आला की कितीही जोर लावा, ब्रेक पुरता दाबला जात नाही.

"मी धरतो ना मांडीवर" म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. ५० च्या स्पीडने चाललेली गाडी कशावर आदळली की पुढून चेपत साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबते. तेवढ्यात २० किलोच्या कुत्र्याला जागेवर धरून ठेवायला सुमारे ४०० किलोचा जोर लागतो, म्हणजे डीएपी खताची आठ पोती एकदम पेलायची. स्पीड दुप्पट झाला की हा मार चौपट होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. तिथे तो ५० च्या मानाने पावणेसहा पट बसतो.

तेव्हा बांधायचं हे ठरलंच. घोळ पुढे आहे, कारण आपल्याकडे कुत्रा बांधला म्हणजे गळ्यात दोर. हा दोर गोठ्याच्या खुंट्याला चालतो, गाडीत नाही. झटका बसला की सगळा भार श्वासनलिका आणि मानेच्या मणक्यांवर येतो. उघड्या पिकअपमध्ये तर त्याहून वाईट घडतं. दोर फाळक्यावरून उडी मारण्याइतका लांब असतो आणि जमिनीला पाय टेकण्याइतका नसतो. कुत्रा बाहेर लटकतो, आणि इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. गळ्यातला पट्टा नाव-नंबराच्या बिल्ल्यासाठी ठेवावा. ओढ घ्यायची ती छातीने.

दुकानात हार्नेस म्हणून जो मिळतो तो हाच छातीचा पट्टा. घेताना रंग पाहू नका, चार जागा पाहा. पुढची पट्टी गळ्यावर न येता छातीच्या हाडावर बसली पाहिजे आणि मोठ्या कुत्र्यासाठी चार-पाच सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद पट्टी झटक्यात कातडीत रुतते. बरगड्यांवरून जाणारी पट्टी पुढच्या पायांच्या काखेपासून तीन-चार बोटं मागे हवी, नाहीतर तासाभरात काख सोलून निघते. पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं सरकावीत, तिसरं जाऊ नये. ढिला असेल तर कुत्रा मागे सरकत डोकं काढून घेतो. चौथी जागा पाठीवरच्या कडीची: ती वेल्डिंग केलेली अखंड हवी, तार वाकवून केलेली नको. फिरवायला न्यायचे बरेच पट्टे प्लॅस्टिकच्या खटक्यावर असतात. झटक्यात आधी तो खटका फुटतो, नाहीतर कडीजवळची शिलाई उसवते. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ साली असे पट्टे धडकेच्या चाचणीत घातले, तेव्हा सुरक्षित म्हणून विकले जाणारेही बरेचसे टिकले नव्हते. म्हणून धातूचा खटका आणि चौकोनात फुली मारलेली शिलाई पाहूनच घ्या.

तालुक्याला तसा पट्टा मिळत नसेल तर भंगारातल्या गाडीचा जुना सीटबेल्ट आणा आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड नायलॉन दोऱ्याने शिवून घ्या. कडा झिजलेला किंवा उन्हाने पांढरा पडलेला बेल्ट नको. असा पट्टा मोठी धडक झेलेल याची हमी नाही, पण रोजच्या ब्रेकला आणि खिडकीतून उडी मारण्याला तो पुरतो.

आता तो गाडीला जोडायचा. गाडीचा बेल्ट नुसता पट्ट्यातून ओवला तर तो हळू ओढीने सुटत जातो, कुत्रा दोन फेऱ्या मारतो आणि स्वतःला गुंडाळून घेतो. त्यापेक्षा सीटबेल्टच्या खटक्यात बसणारी जीभ असलेली आखूड पट्टी बरी. जिभेची रुंदी गाडीगणिक बदलते, म्हणून खट् आवाज आल्यावर एकदा जोरात ओढून पाहावं. पट्टी किती लांब? कुत्रा बसला, आडवा झाला पाहिजे, पण पुढच्या सीटच्या पाठीला त्याचं नाक लागता कामा नये. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याला तीस-पस्तीस सेंटिमीटर होतात. रबरासारखी ताणणारी पट्टी दिसायला दयाळू असते, पण झटक्यात ती ताणते आणि कुत्रा पुढच्या सीटवर जाऊन आदळतोच. लाल बटणावर पंजा पडून खटका सुटणं नेहमीचं, तेव्हा बटण सीटच्या पाठीकडे वळवून ठेवावं.

पुढच्या सीटवर कुत्रा नको, एअरबॅग फुगली तर तिचाच तडाखा बसतो. खिडकीतून डोकं बाहेर काढू देण्याची हौसही आवरावी. मुरुमाच्या रस्त्यावर डोळ्यांत खडे जातात. शिवाय पॉवर विंडोच्या बटणावर त्याचाच पाय पडून काच मानेवर चढू शकते. ड्रायव्हरच्या दाराला काचा लॉक करायचं बटण असतं, ते दाबून ठेवा.

पिंजरा असेल तर फारच चांगलं. तो मोठा घेतला म्हणजे आराम, असं मात्र नाही. कुत्रा उभा राहील, वळेल, आडवा होईल, एवढाच हवा. जास्तीच्या जागेत तो आपटत राहतो. डिक्कीत मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आडवा ठेवायचा आणि दोन बाजूंनी रॅचेट पट्ट्याने आवळायचा. न आवळलेला पिंजरा म्हणजे कुत्र्यासकट उडणारं लोखंड.

छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप असेल तर कुत्र्याची जागा केबिनमध्ये, डाव्या सीटच्या पायाशी. डाल्यातच (मागच्या हौद्यातच) न्यायचा झाला तर केबिनच्या पाठीला लागून, बरोबर मध्ये, आणि छातीच्या पट्ट्याला डावी-उजवीकडे दोन आखूड पट्ट्या लावून. त्या इतक्या आखूड हव्यात की पुढचे पाय बाजूच्या काठावर चढणार नाहीत. एकाच दोराने बांधलेला कुत्रा एका बाजूने तरी बाहेर जातोच. सोबत मोकळा माल नको: डिझेलची कॅन नको, फावडी नकोत, फवारणी पंप तर नकोच. ज्या डाल्यात फवारणीची औषधं वाहिली तो आधी साबणाने धुवावा. कुत्रा पाय चाटतो आणि औषध थेट पोटात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसांचे जीव गेले. २० किलोच्या जिवाला किती कमी पुरेल, विचार करा.

डाल्याच्या पत्र्यावर मे महिन्यात उघडा हात ठेवून पाहा. पाच सेकंद ठेववला नाही तर त्याच्या तळपायांचीही तीच गत. रबरी मॅट आणि तिच्यावर ओलं चवाळं घालावं; नुसतं चवाळं वळणावर घसरतं.

मोटारसायकलवर मोठा कुत्रा नेऊच नये. टाकीवर बसवला की हँडल वळत नाही, मागे बसवला की पाय सायलेन्सरवर भाजतो किंवा चाकात जातो. पाच-सहा किलोचं पिल्लू असेल तर टमाट्याचं प्लॅस्टिक कॅरेट मागे दोन ठिकाणी घट्ट बांधा. तळाला गोणपाट टाका आणि वर दुसरं कॅरेट उलटं घालून तारेने आवळा. हवा खेळते आणि उडी मारता येत नाही. तोंड बांधलेल्या पोत्यात घालून नेणं मात्र थेट जिवावर बेततं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो आणि पोत्यात तीच गरम हवा परत ओढतो.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणारा कुत्रा गावोगावी दिसतो, सगळ्यांना त्याचं कौतुक. तो घसरला की खाली मागचं मोठं चाक असतं. बऱ्याच ट्रॉल्यांना स्प्रिंग नसते, त्यामुळे रिकामी ट्रॉली जास्तच उडते. शेत जवळ असेल तर सकाळी गार वेळेला पायी न्यावा.

उन्हाचं अजून एक. मार्च ते जून, बंद गाडीत बांधून "दोन मिनिटांत आलो" करू नये. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी चढतं. बाहेर ४५ असेल तर आत ५५. बांधलेला कुत्रा सावलीकडेही सरकू शकत नाही. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

कायद्याचं विचाराल तर ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, नियम ५७ थेट सांगतो की गाडीत कुत्रा नीट बांधलेला हवा. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ११ आहे. जनावराला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकाने कोणी पट्टा विकत घेईल ही आशा सोडा.

घरात आधी पट्टा घालून जेवू घाला, मग उभ्या गाडीत बसवा, मग इंजिन चालू करून, मग गावाच्या वेशीपर्यंत. एकदम नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंतचा पल्ला गाठला तर तो पट्टा कुरतडतो आणि ओकतो. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी चालेल. माणसांची उलटीची गोळी डॉक्टरला न विचारता देऊ नका.

गाडीखाली सापडलेल्या किंवा डुकराने फाडलेल्या कुत्र्याला हा पट्टा घालायचा नाही, बरगडी मोडलेली असू शकते. त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चवाळ्यावर सरकवा, फळीसकट खांद्यामागे आणि कमरेपाशी रुंद कापडाने सैलसर बांधा. वेदनेत तो मालकालाही चावतो. म्हणून बँडेजचा फास नाकाडावर घालून हनुवटीखाली फुली घ्या आणि कानांमागे गाठ मारा, सुरगाठ, म्हणजे उलटी आली तर ओढून लगेच सुटते. धापा टाकत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर तोंड बांधू नका. डोक्याच्या बाजूला जाड घोंगडं धरा. दवाखान्यात पोचल्यावर दार उघडायच्या आधी, पट्टा घातलेला कुत्रा असेल तर त्याची आखूड पट्टी हाताला गुंडाळून मगच खटका काढा. कुत्रे पळून जातात ते बहुतेक याच वेळी.