ढलप्यांच्या वाटेवरच्या कुत्र्याच्या छत्र्या

आषाढात चार दिवस सलग झड लागली की सोसायटीच्या बागेतल्या लाकडाच्या ढलप्यांच्या वाटेवर छत्र्या उगवतात आणि लगेच प्रश्न येतो, काय फवारायचं? काहीही नाही. छत्री हे नुसतं फळ असतं. खरी बुरशी ढलप्यांच्या आत पांढऱ्या तंतूंच्या रूपात पसरलेली असते. मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर वरवरच राहते, तंतूंपर्यंत पोचत नाही, कडेच्या झाडांच्या मुळांना मात्र त्रास देते. ही बुरशी मेलेलं लाकूड खाते. तुमच्या जास्वंदीशी तिला काही देणंघेणं नाही.

घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर मात्र छत्र्या रोज सकाळी हातमोजे घालून उपटायच्या आणि पिशवीत बांधून टाकायच्या. टोपी पूर्ण उघडण्याआधी काढल्या तर बीजाणूही कमी उडतात. कडेच्या हिरवळीत येणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री अळंबी समजून कुणी खाऊ नये. टोपीखालच्या पापुद्र्या पुढे हिरवट होतात तीच ही, आणि पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

पिठलं सांडल्यासारखा पिवळा गोळा दिसला तर ती बुरशीच नव्हे, श्लेष्मकवक आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळाच बुळबुळीत जीव. ओला असतानाच खुरप्याने ढलप्यांसकट उचला. वाळला की आतून तपकिरी भुकटी निघते, आणि त्यावर पाइपने पाणी मारलं की ती वाटभर पसरते. कुजक्या वासाची, माश्या बसणारी छत्री आधी मऊ पांढऱ्या अंड्यासारखी असते, तेव्हाच खालच्या दोरीसारख्या मुळासकट काढावी. आणि एकदा वाकून नीट बघाच: काही ढलप्यांवर पाच-सात मिलिमीटरच्या इवल्या वाट्या असतात, आत मसुरीच्या दाण्यांसारख्या चकत्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की त्या उडून लांब जातात. या राहू द्याव्यात, कुणाचं काही बिघडवत नाहीत.

खरा दोष साचलेल्या ओलाव्याचा असतो. थर तीन इंचांचा पुरे. सहा इंच टाकला की खालचा भाग वाळतच नाही, तंतू एकमेकांत विणले जाऊन घोंगडीसारखा थर बनतो आणि कोरडा पडल्यावर तो पाणी आत घेत नाही. तपासायला वाटेवर तांब्याभर पाणी ओता. ते मुरण्याऐवजी कडेला ओघळलं तर दाताळ्याने थर फोडून वरखाली करा. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावं. ढलप्या कोरड्या असतील तर आधी थोडं पाणी शिंपडा, नाकावर मास्क लावा. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये.

नवी वाट करताना खाली तीन इंच मुरूम कुटून घ्या, दर दहा फुटांना दीड इंच उतार द्या. ढलप्या एक ते दोन इंचांच्या हव्यात. भुसा आधी चाळून काढा, तोच सर्वांत आधी कुजतो. गुलमोहरासारखं मऊ लाकूड लवकर संपतं, म्हणून बाभूळ मिळाली तर उत्तम.

दसऱ्यानंतर खालचा काळा, भुसभुशीत झालेला भाग चाळून झाडांच्या आळ्यांत वरून पसरा. मातीत मिसळू नका, अर्धवट कुजलेलं लाकूड जमिनीतला नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात. ढलप्या जिवंत झाडाच्या खोडापासून वीतभर लांब ठेवा. खोडाच्या बुंध्याशीच कडक, फळीसारखी बुरशी आली असेल तर तो वाटेचा प्रश्न नाही, झाड आतून कुजत असेल. पुढच्या वादळाआधी जाणकाराला दाखवा.