भदौ २०६९ म्हणजे कधी? रत्नागिरीतले अडीच महिने

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला असताना मला इंटर्नशिपला परदेशी जायचं होतं. धोक्यात वाढणाऱ्या मुलांसोबत काम करायची संधी, अशा जाहिराती येतात ना, त्यातल्या तीन-चार ठिकाणी अर्जही केले. सगळीकडे राबायचं आपण आणि वर फीसुद्धा आपणच भरायची. व्हिसा वेगळा, विमान वेगळं. बाबांनी आकडे वाचले, कागदाची घडी घातली आणि काही न बोलता परत दिला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये इथल्याच एका संस्थेत इंटर्नशिप करायला सोलापूरहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून एसटीने रत्नागिरीला पोचले. तिथे गेल्यावर कळलं की परदेशातून आलेली मुलंच माझ्या वाट्याला आहेत.

दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, उरकली की नेपाळी कुटुंबं हापूसच्या बागा राखायला कोकणात उतरतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला नि काम करायला व्हिसा लागत नाही. बागायतदार त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात, मग माणूस कुठल्या का जातीचा असेना. बरेच तरुण बंदरावर खलाशी म्हणूनही असतात. संस्था (नाव लिहीत नाही, मुलांची ओळख लागू नये म्हणून) दोन्हीकडे काम करते: दुपारी बागांमध्ये, संध्याकाळी मिरकरवाड्याच्या जेटीजवळच्या एका खोलीत.

पहिल्या रविवारी मी थिबा राजवाडा बघून आले. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, घरी परत जाऊ शकलाच नाही. बागांकडे जायला मला बुधवार उजाडला.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागलं की दोन्हीकडे कलमंच कलमं. आत शिरल्यावर जांभ्याच्या चिऱ्यांची एक खोपी, वर पत्रा, आणि दारात बारा वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी. तिला इथे मी माया म्हणते, खरं नाव वेगळं आहे. आईबाप बागेत, कारण मोहोर येत होता आणि फवारणी सुरू होती. मायाची चौथी गावाकडे झालेली. पुढची शाळा कुठेच नाही, कारण दर सहा महिन्यांनी देश बदलतो.

माझ्या डोक्यात कॉलेजचं सगळं होतं: समुपदेशन, जीवनकौशल्यं, रंगीत कार्डं. संस्थेच्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हिच्या कडेवरचा पोरगा कुठे ठेवणार आहेस?” उत्तर नव्हतं. पुढचे बारा दिवस माझं सगळं काम भावाला अंगणवाडीत सोडण्याभोवती फिरत होतं. सेविकाताईंशी बोलणं, आईला पटवणं, बागायतदाराच्या कानावर घालणं. तो आधी म्हणाला, “माझ्या नावाने कुठे कागद नको.” कागद त्याच्या नावाचा नाहीच, हे तीनदा सांगितल्यावर मात्र त्यानेच रोज सकाळी दुचाकीवरून दोघांना सोडायचं कबूल केलं. इथे जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, धाकट्याची सोय लागल्याशिवाय थोरलीची शाळा सुरू होत नाही. रंगीत कार्डं मी तशीच परत आणली.

मग शाळा. पहिल्या शाळेत आधार नाही म्हणून नाही म्हणाले. शिक्षण हक्क कायदा ‘सहा ते चौदा वयाचं प्रत्येक बालक’ म्हणतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं, हे सगळं मला पाठ होतं. मी ते जरा चढ्या आवाजात म्हणून दाखवलं. परिणाम शून्य. ताई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत गेल्या, चहा प्यायल्या, संस्थेचं पत्र दिलं, कायद्याच्या कलमांची झेरॉक्स पत्राखाली ठेवली आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “सर, तुमचा पटही वाढतोय.” काम झालं. पटाची चिंता जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला असते, हे मला कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

तिथे एक गंमत झाली. मायाच्या आईने पिशवीतून नेपाळचा जन्मदाखला काढला. जन्म: भदौ २०६९. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले, मुलगी अजून जन्माला यायचीय की काय! नेपाळात विक्रम संवत चालतो. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांतून ५७ वजा करायचे, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. म्हणजे भदौ २०६९ हा २०१२ चा ऑगस्ट-सप्टेंबर. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रोज लागतं.

भाषेची भीती बाळगू नका. लिपी देवनागरीच असल्यामुळे ही मुलं मराठी फलक धडाधड वाचतात, अर्थ मात्र नंतर विचारतात. ‘ळ’ त्यांच्याकडे नाही, त्यामुळे शाळेची ‘शाला’ होते आणि सगळा वर्ग हसतो. त्यांचे ५, ८ आणि ९ वेगळ्या वळणाचे असतात. बाईंनी मायाची बरोबर आलेली गणितं दोनदा चूक दिली ती त्यामुळेच. तुम्ही दहा-पंधरा नेपाळी शब्द शिकून गेलात तर आया लवकर बोलायला लागतात. मला सगळे ‘दिदी’ म्हणायचे, जेटीवरचे वयाने मोठे खलाशीसुद्धा.

आता जेटीबद्दल. इथे माझी चूक सांगते. संध्याकाळच्या वर्गाला येणारा एक मुलगा एका पहाटे बोटीवर बर्फ भरताना दिसला. वय तेरा. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदीच आहे, म्हणून मी थेट तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, भांडले, चार लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी मुलगा गायब. दुसऱ्या बंदरावर पाठवला असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं गावी. ताई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “आता कुठे शोधायचा?” करायचं होतं ते असं: गुपचूप संस्थेला सांगायचं, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बालकल्याण समितीमार्फत पुढे जायचं. तो शेवटपर्यंत सापडला नाही. या अडीच महिन्यांतलं मला सगळ्यात जास्त हेच आठवतं.

ऋतूचा हिशोब धरून तारखा ठरवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावर मुलं भेटत नाहीत, आणि बागाही रिकाम्या असतात. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला, म्हणजे मोठं जाळं गोल टाकून करायच्या मासेमारीला, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे. मला हे माहीत नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गातली निम्मी पोरं दिसेनात तेव्हा मी स्वतःला दोष देत बसले होते. काकूंनी (मी ज्यांच्याकडे राहत होते त्या) मासे साफ करता करता सांगितलं, “अगो, बोटी लागल्या वर. पोरं काय तुझ्यासाठी बसतील?” महिना-दीड महिनाच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर निवडा.

राहायला खोली शहरातच घ्या, बागेजवळ नको. शेवटची एसटी चुकली की अंधारात कातळावरून चालत यावं लागतं. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचे पैसे आधी ठरवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. शिमग्याला आणि गणपतीत जागेची आशाच सोडा. जेटीवर स्लिपर घालून जाऊ नका, मी पहिल्याच दिवशी आपटले. मागच्या बाजूने पकडणारी रबरी चप्पल किंवा गमबूट घ्या आणि तो वास कपड्यातून जाणार नाही हे मान्य करा. शाकाहारी असाल तर काकूंसारख्या घरी कुळथाचं पिठलं आणि सोलकढीवर छान दिवस निघतात, फक्त पहिल्या आठवड्यात त्यांना तुमची दया येते.

संस्था निवडताना एकच गोष्ट बघा: पहिल्या दिवशी तुमच्याकडून बालसंरक्षण धोरणावर सही घेतात का, पोलीस पडताळणी मागतात का. मागत नसतील तर परत फिरा. आणि फोटो नाही. मी मायाचा पाठमोरा फोटो स्टेटसला ठेवला होता, मागे बागेचा फलक दिसत होता. ताईंनी अर्ध्या तासात काढायला लावला आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचायला दिलं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

जायची तारीखही पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगा. मी सांगितली नव्हती. जानेवारीअखेर सांगितली तेव्हा मायाने विचारलं, “दिदी, तू पण सीझनवाली?”

निघायच्या आदल्या दिवशी शाळेत गेले. जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव चढलं होतं. मे महिन्यात गावी जाताना दाखला लागेल, तिकडच्या शाळेला कळायला हवं, म्हणून सरांनी इंग्रजी जन्मतारखेपुढे कंसात ‘भदौ २०६९’ लिहिलं होतं. त्यातला ९ त्यांनी मायाच्या वहीत बघून, तिच्याच वळणाचा काढला होता.