३ इंची तांब्याचा बॉयलर: दुसऱ्या टेस्टला ८० पीएसआय टिकला

काल संध्याकाळी एकदाचा प्रेशर टेस्टला पास झाला! मी बनवलेला, वाफ तयार करायचा छोटा आडवा बॉयलर आहे, ३ इंची तांब्याचा पाइप, जाडी १.६ मिमी, लांबी ६ इंच, मधून एकच ६ मिमीचा स्टे (दोन्ही टोकांच्या प्लेटा धरून ठेवणारा दांडा). वर्किंग प्रेशर ४० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) धरलंय म्हणून टेस्ट दुप्पट, ८० ला.

दोन्ही बाजूच्या प्लेटा पुण्यात तांबट आळीतून आणलेल्या २ मिमी पत्र्याच्या. लाकडी साच्यावर कड वळवताना तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग मंद लाल तापवून पाण्यात बुडवायचं की परत मऊ, असं एकेका प्लेटला पाच वेळा केलं. तिथल्या एका काकांनी सांगितलं होतं की ठोक्याचा आवाज टणटणीत यायला लागला की थांब आणि तापव, नाहीतर कडेला चीर जाते. सगळे बुश (व्हॉल्व्ह वगैरे बसवायची आट्यांची भोकं असलेले तुकडे) फॉस्फर ब्राँझचे घेतलेत, पितळ नको कारण गरम पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि आटे ठिसूळ होतात. चांदीचा डाख कॅडमियम नसलेलाच घ्या, तो धूर फार वाईट.

पहिली टेस्ट गेल्या रविवारी. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला, तिरका करून हवेचा शेवटचा बुडबुडासुद्धा काढला, कारण पाणी दाबलं जात नाही, फुटलं तरी नुसतं गळतं, पण आत हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दाबून बसते आणि फुटताना तुकडे उडवते. हवेच्या कॉम्प्रेसरने टेस्ट कधीच करू नका. प्लंबरचा हातपंप लावला, ५० ला मागच्या प्लेटवर स्टेभोवती घाम आल्यासारखं पाणी दिसलं. लगेच प्रेशर सोडलं.

कारण कळायला दोन दिवस गेले. मी ज्योत प्लेटवर धरली होती, स्टे थंडच राहिला, त्यामुळे डाख प्लेटवर छान पसरला पण स्टेला धरलाच नाही. डाख जिकडे उष्णता तिकडे धावतो. सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून साफ केलं, नवीन फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) लावला आणि यावेळी आधी स्टेचं टोक तापवलं, आख्खा बॉयलर गरम ठेवून, म्हणजे बाकीच्या सांध्यांवर ताण येणार नाही. डाख आत ओढला गेला तो डोळ्यांनी दिसला, फार समाधान वाटलं.

काल दहा-दहा पीएसआयने चढवत ८० वर नेलं. प्रेशर गेजची सुई हळूच ७६ वर आली तेव्हा पोटात गोळा आला, पण पंपाचा व्हॉल्व्ह गळत होता, मधला कॉक बंद केल्यावर २० मिनिटं सुई हलली नाही. ८० ला एका प्लेटवर जवळपास २५० किलो भार येतो, त्यामुळे डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावून प्लेटचा फुगवटा पण बघितला, प्रेशर सोडल्यावर काटा शून्यावर परत आला.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतोय. पुढची टेस्ट वाफेवर, पूर्ण आच देऊनही प्रेशर ४४ च्या, म्हणजे वर्किंग प्रेशरपेक्षा १० टक्क्यांच्या, वर जाता कामा नये.