घामच येत नाही म्हणणाऱ्या पोरांसाठी

मार्च संपला की आपल्याकडं सकाळी साडेसातलाच ऊन चटके द्यायला लागतं, आणि ग्राउंडवर तेव्हाही पोरं पळायलेतच. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरवाली, ८००वाल्या पोरी, एसआरपीएफसाठी (राज्य राखीव पोलीस) ५ किलोमीटर काढणारी, शिवाय हाफ मॅरेथॉनच्या नादातली आम्ही चाळिशीची मंडळी. पाण्याचं विचारलं की पोरं म्हणतात, "काका, मला घामच येत नाही जास्त."

येतो रे बाबा! परभणी-लातूरचं ऊन कोरडं, घाम आला की लगेच उडून जातो. मुंबईच्या दमट हवेत तो सुकत नाही, नुसता निथळतो, म्हणून तिथं टीशर्ट पिळावा लागतो. खरं तर सुकणारा घामच अंग थंड करतो, एक लिटर पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, त्यामुळं आपली हवा त्या बाबतीत बरी, पण किती गेलं ते डोळ्याला दिसत नाही ना. टोपीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेवढंच.

म्हणून वजन करा. पळायच्या आधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांवर काट्यावर उभं राहायचं, तासभर पळून आल्यावर अंग पुसून परत. ६२ चे ६१ झाले आणि मधी अर्धा लिटर पाणी प्यालात तर घाम गेला दीड लिटर. हे एप्रिलमधी वेगळं करा, जानेवारीत वेगळं, आणि मित्राचा आकडा घेऊ नका, कारण शेजारी पळणाऱ्याचा घाम तुमच्या दुप्पट असू शकतो. वजन दोन टक्क्यांच्या वर उतरायला लागलं, म्हणजे ६० किलोवाल्याचं सव्वा किलोच्या आसपास, की वेग पडतो आणि नाडी वाढते. १६०० मीटरच्या त्या पाच-सहा मिनिटांत मात्र पाण्याची गरज नसते, आधी आणि नंतर प्या.

आता उलटी बाजू, जी कुणी सांगत नाही. वजन वाढेपर्यंत नुसतं पाणी ढोसणं पण धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधी ४८८ जणांचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि पळताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना हा धोका जास्त होता.

घामातनं मीठ पण जातं, म्हणून लांब पळून आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, घरचं आहे, स्वस्त आहे, मला तर महागड्या रंगीत बाटलीपेक्षा हेच पटतं. (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.) ओआरएसची एक लिटरवाली पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायची, अर्ध्या बाटलीत नाही.

आणि एकदम मे महिन्यात सुरुवात करू नका, उन्हाला सरावायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, मग घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ पण कमी होतं. तोवर अंतर कमी ठेवा.

सोबतचा कुणी भलतंच बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला तर "थोडा दम खा" म्हणत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा, आणि शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका.