दिवसाच्या झोपेचा डॉक्टर शोधताना

रात्री पुरेशी झोप होऊनही मला दिवसा अनावर झोप येत असे. बैठकीत टिपणे घेता घेता पापण्या मिटत आणि वहीतले अक्षर ओळ सोडून खाली घसरत जाई. रक्ततपासणीत थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळे ठीक निघाले, तेव्हा नैराश्याची शंका घेऊन मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले आणि गोळ्या सुरू झाल्या. मन थोडे हलके झाले. झोप मात्र होती तशीच राहिली.

झोपेच्या तक्रारी अनेक विभागांत वाटल्या गेल्या आहेत, ही यातली खरी अडचण. घोरणे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, श्वास अडकणे छातीविकारतज्ज्ञांकडे, पायांची अस्वस्थता मेंदूविकारतज्ज्ञांकडे, आणि प्रत्येक जण साहजिकच आपल्या विभागातला आजार आधी तपासतो. छातीविकारतज्ज्ञांनी माझी रात्रभराची स्लीप स्टडी केली. श्वास अडखळण्याचे प्रमाण तासाला 5 पेक्षा कमी आले, म्हणजे स्लीप ॲप्निया नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल असल्याचे सांगून त्यांनी मला निरोप दिला. एक आजार नाही एवढेच त्या रिपोर्टवरून ठरत होते, म्हणून मी झोपविकारांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा शोध चालू ठेवला.

शेवटी ज्या मेंदूविकारतज्ज्ञ भेटल्या, त्यांनी फाइल बाजूला ठेवून विचारले, "खळखळून हसताना गुडघ्यांतला जोर गेल्यासारखा होतो का?" तसे मला कित्येक वर्षे होत होते, पण त्याचा झोपेशी संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते आणि तोवर कोणी विचारलेही नव्हते. मग डुलकीत लगेच स्वप्ने पडतात का, जाग आल्यावर क्षणभर हातपाय हलत नाहीत का, असे एकेक विचारत त्या पुढे गेल्या.

नैराश्यावरच्या अनेक गोळ्या स्वप्नांची, म्हणजे रेम झोप दाबतात. त्यामुळे त्या चालू असताना केलेली चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीने गोळ्या हळूहळू बंद केल्या, रोजच्या झोपेची नोंदवही ठेवली आणि नंतर रात्रीची स्लीप स्टडी पुन्हा झाली. तिला जोडूनच दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची संधी देणारी एमएसएलटी ही चाचणी झाली. झोप लागायला सरासरी 8 मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागला आणि किमान दोन डुलक्यांत लवकरच रेम झोप आली, तर नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, निदान पक्के होण्यास मदत होते. माझे तसेच झाले. मेंदूतील ओरेक्सिन, म्हणजे जागे ठेवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने जागेपण टिकत नाही, हे कारण कळल्यावर आळशीपणाचा शिक्का पुसला गेला, याचे मला फार मोठे समाधान वाटले.

आता औषधे आणि ठरलेल्या वेळच्या छोट्या डुलक्या यांवर दिवस बराच सावरतो. अशीच तक्रार असलेल्यांनी अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी तिथे एमएसएलटी होते का, आणि तिचा अहवाल डॉक्टर स्वतः वाचतात का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारावेत.