तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर का भागत नाही

"हर्णैपर्यंत जाऊन बंदरावर उभं राहायची काय गरज? फॉर्म पाठवा, फोन करून विचारा." अ‍ॅप वापरणाऱ्या लोकांचा अभ्यास हे माझं काम आहे, असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. घरचेही विचारतात, ऑफिसातलेही. आज एकदाच नीट सांगते.

फॉर्म पाठवला होता. अ‍ॅप मासळी विकणाऱ्या बायकांच्या हिशोबाचं. किती किलो घेतली, काय भावाने? उत्तरं आली, व्यवस्थित किलोत आली. मग मी लिलावाला गेले, तर तिथे काटाच नव्हता. बोली लागत होती ढिगावर, नजरेच्या अंदाजाने. तिघींनी मिळून बांगड्याचा ढीग घेतला. पैसे एकीनेच दिले, बाकीच्या संध्याकाळी देणार. त्यांच्यातल्या एका मावशींनी वाळूतच वाटे घातले. एक वाटा लहान दिसला, त्यात आणखी दोन बांगडे टाकले. मग हात पदराला पुसून फोन काढला. ओलं बोट स्क्रीन ओळखेना. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. तोवर पुढची बोली सुरू झाली. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच लिव बाय. किलो किती घालू? मागे त्या पोराने विचारलं, तेव्हा पण असेच घातलेले."

आमचे व्यवस्थित किलो आले होते ते असे.

ऑफिसात हे मांडलं तेव्हा ऐकावं लागलं, "एवढ्या थोड्या बायकांवरून काय ठरवायचं? त्यांना ट्रेनिंग द्या." किती जणींना ही अडचण येते ते मी सांगू शकत नाही, ते सर्व्हेनेच कळेल. पण रकानाच चुकला असेल तर हजार फॉर्म भरून घेऊनही तो चुकलेलाच राहणार. आणि ट्रेनिंग? 1980च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मानवशास्त्रज्ञ ल्युसी सुशमन यांनी कॉपी मशीनपुढे अडलेल्या माणसांचं चित्रीकरण केलं. त्यांत संगणकशास्त्रातले नावाजलेले संशोधक होते. त्यांना कोण शिकवणार होतं?

तरी एक गोष्ट मला सलते. मावशींनी नंतर विचारलं, "मग वाट्याचं घालणार काय त्यात?" किलो भरायची सक्ती गेली, वाट्यांचा रकाना अजून आलेला नाही. पूर्वी मी म्हणाले असते, अडचण नोंदवली, माझं काम झालं. आता तसं म्हणवत नाही. त्यांच्या धंद्याच्या ऐन वेळी मी मध्ये उभी असते. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली की गर्दी होणार. खरं काम दिसेल ते तेव्हाच, आणि त्यांना माझी अडचणही सगळ्यात जास्त तेव्हाच. जावं की नाही, अजून ठरत नाही.