सामाईक ई-पोर्टफोलिओ आणि विद्यार्थी-गटांमधली भिंत

विद्यार्थ्याचे काम आणि त्यावरच्या त्याच्या नोंदी ऑनलाइन साठवणाऱ्या एकाच ई-पोर्टफोलिओ प्रणालीवर दोन अभ्यासक्रमांचे किंवा दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाचा वेगळा गट तयार केला की काम झाले, असे सहसा गृहीत धरले जाते. मला हे गृहीतक धोक्याचे वाटते. गट ही एकत्र काम करण्याची सोय आहे. कोणी कोणाला दिसावे, याची सीमा ती आपोआप आखत नाही. गटाची पाने बाहेरच्यांना उघडत नसली, तरी शोधपेटीत नाव टाइप केल्यावर दुसऱ्या गटातील विद्यार्थ्याचे प्रोफाइल समोर येऊ शकते आणि त्याला संदेशही पाठवता येऊ शकतो.

पोर्टफोलिओ म्हणजे केवळ गुणांची फाइल नव्हे, म्हणून याची काळजी अधिक. परिचर्येचे किंवा अध्यापनाचे प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी आपल्या चिंतननोंदींत कामाच्या ठिकाणी काय चुकले, कशाची भीती वाटली, हे लिहितो. आपण कोणासमोर लिहीत आहोत याची खात्री नसेल, तर तो प्रामाणिकपणे लिहिणार नाही, आणि मग त्या नोंदींना काही अर्थ उरत नाही.

न्यूझीलंडमध्ये 2006 साली सुरू झालेल्या ‘महारा’ या मुक्तस्रोत प्रणालीत विद्यार्थ्यांना गटाच्या वरच्या, म्हणजे ‘संस्था’ या स्तरावर विभागता येते आणि प्रत्येक संस्थेला स्वतःचा प्रशासक नेमता येतो. तरीही निव्वळ संस्था वेगळ्या केल्याने विलगीकरण होत नाही. त्यासाठी संपूर्ण साइटच्या पातळीवरचा एक स्वतंत्र पर्याय चालू करावा लागतो. तो चालू केल्यावर एका संस्थेतील व्यक्तीला दुसऱ्या संस्थेतील सदस्य दिसत नाहीत, मात्र एकाच खात्याला एकाहून अधिक संस्थांचे सदस्यत्वही ठेवता येत नाही. दोन्हीकडे शिकवणाऱ्या शिक्षकाची यात अडचण होते. त्याच्यासाठी भिंतीला खिडकी पाडण्यापेक्षा त्याला दोन स्वतंत्र खाती द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीतील ‘वेगळे गट’ ही व्यवस्था याहून मर्यादित आहे, कारण ती अभ्यासक्रमापुरती किंवा त्यातील उपक्रमापुरतीच लागू होते आणि सर्व गट पाहण्याची परवानगी ज्या भूमिकेला आहे, तिला ती अडवत नाही.

सर्वाधिक गळती मात्र पान शेअर करताना होते. ‘सर्व नोंदणीकृत वापरकर्ते’ हा पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात आपला वर्ग असतो. प्रणालीच्या लेखी तो साइटवरचा प्रत्येक खातेदार असतो. गुप्त दुवा तर लॉगिनही मागत नाही, त्यामुळे तो ज्याच्या हाती पडेल त्याला पान उघडते, मग संस्था कितीही काटेकोर विभागलेल्या असोत. बाहेरच्या परीक्षकासाठी असा दुवा द्यावाच लागला, तर त्याला अंतिम मुदत घालावी आणि मूल्यमापन संपताच तो काढून टाकावा.

हे सारे नीट बसले आहे का, हे प्रशासकाच्या खात्यातून तपासण्यात अर्थ नाही, कारण त्या खात्याला सगळेच दिसते. दोन्ही बाजूंना एकेक चाचणी-विद्यार्थी तयार करावा आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याला शोधण्याचा मनापासून प्रयत्न करावा: नावाने, टॅगने, गटांच्या यादीतून, जुन्या प्रतिक्रियांतून, सूचनांमधून. प्रणालीची आवृत्ती बदलली की हीच तपासणी पुन्हा करावी.